वर कुणी नसेल, तर इथे कसं वागायचं?

'देव मानत नाहीस, मग लबाडी करायला तुला अडवतं कोण?' नास्तिक माणसाला हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतही ऐकावा लागतो. प्रश्न खोचक आहे, पण रास्त आहे. देव नाही एवढं म्हटल्याने जगायचं कसं ते कळत नाही. ते सांगायचा प्रयत्न इहवादी मानवतावाद करतो. 'इह' म्हणजे इथलं. पापपुण्याचा हिशेब परलोकात मिटणार नसेल, तर तो इथेच, माणसांच्या सुखदुःखात मांडायला हवा, असं हा विचार म्हणतो.

आपल्याकडे या विचाराची नेटकी मांडणी मानवेंद्रनाथ रॉय यांनी केली, आणि ते तिथवर पोचले ते कम्युनिझमच्या वाटेने. मेक्सिकोत 1919 साली आणि ताश्कंदमध्ये 1920 साली कम्युनिस्ट पक्षांच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. 1931 ते 1936 ही वर्षं त्यांनी ब्रिटिशांच्या तुरुंगात काढली. पुढे रशियातल्या क्रांतीचं काय झालं हे पाहून त्यांना वेगळाच प्रश्न छळू लागला: देवाला गादीवरून उतरवलं, पण तिथे वर्ग किंवा राष्ट्र बसवलं, तर माणसाच्या पदरात काय पडलं?

1946 साली त्यांनी आपला विचार बावीस सूत्रांत बांधला. त्यातला गाभा असा: सुख होतं, दुःख होतं ते हाडामांसाच्या माणसाला, राष्ट्राला किंवा वर्गाला वेगळं मन नसतं. त्यामुळे समाज किती पुढे गेला, हे त्यातल्या एकेका माणसाला किती मोकळीक मिळाली यावरून ठरवायचं. नीतीचं मूळ रॉय निसर्गातच शोधतात. सृष्टी नियमाने चालते, माणूस तिचाच अंश, म्हणून विवेक त्याच्या अंगचाच. आणि चारचौघांत राहायचं तर विवेकी माणसाला नीतीने वागावंच लागतं. त्यासाठी नरकाची भीती लागत नाही. सत्तेसाठी धडपडणारा पक्ष माणसांना मेंढरं करतो, असं पटल्यावर त्यांनी 1948 साली स्वतःचा रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षच विसर्जित केला. आपली गादी आपणच मोडणारे पुढारी आपण फारसे पाहिलेले नाहीत.

रॉय यांच्या मराठी सोबत्यांत सगळ्यांत अनपेक्षित माणूस म्हणजे वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. प्राज्ञपाठशाळेत शास्त्रं शिकलेल्या या पंडिताने अस्पृश्यतानिवारणासाठी गांधीजींना शास्त्राधार काढून दिले. पण शास्त्रातून सोयीचा आधार शोधत राहण्यापेक्षा शास्त्रच तपासावं, या दिशेने ते गेले. 'हिंदुधर्माची समीक्षा' हे त्याचं फळ. परंपरा टाकून द्यायची तरी आधी ती नीट वाचलेली असावी लागते, हे शास्त्रीबुवांकडून शिकावं.

दुसरे, सासवडचे वि. म. तारकुंडे. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तिपद सोडून ते सर्वोच्च न्यायालयात वकिली करू लागले. आणीबाणीत, 1976 साली, नागरी स्वातंत्र्यासाठी जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने जी संघटना उभी राहिली, तिच्या उभारणीत ते आघाडीवर होते. जयप्रकाशजींची बैठक गांधीवादी, तारकुंडे पक्के निरीश्वरवादी; बिनाचौकशी तुरुंगात डांबलेल्या माणसासाठी भांडताना ते आड आलं नाही. इहवाद म्हणजे श्रद्धावानाशी वैर, असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

या विचाराची एक दुबळी बाजूही आहे. घरात माणूस गेलं की धर्माकडे तेरा दिवसांचा कार्यक्रम तयार असतो: कोण येणार, काय शिजणार, कधी रडायचं, सगळं ठरलेलं. रॉयवाद्यांकडे बावीस सूत्रं होती, पण वारी नव्हती. त्यामुळे त्यांचा विचार अभ्यासवर्गांत रमला, गावच्या पारावर फारसा पोचला नाही. नोंदणी विवाह, देहदान, शोकसभा अशा नव्या रीती रुजताहेत. पण दुःखात खांद्यावर हात ठेवणारी माणसं सूत्रांतून मिळत नाहीत, ती जोडावी लागतात.

मग पंगतीतल्या त्या प्रश्नाचं काय? लबाडी केली तर कुणाचं तरी नुकसान होतं, आणि तो माणूस बहुधा त्याच पंगतीत बसलेला असतो. त्याची भरपाई करणारा वर कुणी नाही असं एकदा मानलं, की ती करणं आपल्याच अंगावर येतं. देव मानणाऱ्याला निदान क्षमेची आशा असते. इहवाद्याला मात्र ज्याचं बिघडवलं त्याच्याच दारात जावं लागतं.