घरांतील कुंड्यांवरील खवले-कीड

शेतांतील पिकावर कीड पडली म्हणजे शेतकऱ्याची झोप उडते. पण पडवींत ठेवलेल्या चार कुंड्यांकडे तो क्वचितच पाहतो. तें काम घरांतील बायकामुलांचें, असा सर्वसाधारण समज आहे. यामुळें क्रोटन, नेचा, कण्हेर किंवा स्वयंपाकघराच्या दाराशीं लावलेला कढीलिंब महिनोगणती सुकत जातो. पाणी कमी पडलें असेल म्हणून त्याला आणखी पाणी मिळतें, खत कमी असेल म्हणून खत मिळतें, आणि शेवटीं झाड मरतें. पुष्कळदां या मरणाचें कारण पाणीही नसतें आणि खतही नसतें. झाडाच्या अंगावर शेंकडों जीव सोंड खुपसून बसलेले असतात, आणि ते जीव आहेत हेंच घरांत कोणास ठाऊक नसतें.

आमच्या घरीं असेंच झालें. शहरांतील एका रोपवाटिकेंतून आणलेला क्रोटन पडवींत ठेवला होता. दोन महिन्यांनीं त्याच्या खालची फरशी चिकट लागूं लागली. मुलांनीं सरबत सांडलें असेल म्हणून ती पुसली. दुसऱ्या दिवशीं पुन्हा चिकट. मग खालच्या पानांवर काजळी धरली आणि कुंडीवरून मुंग्यांची रांग सुरू झाली. शेजारच्या कुंडींत कागदी लिंबाचें रोप होतें. त्याच्याही डहाळ्यांवर तपकिरी ठिपके दिसूं लागले. गड्यानें कपाशीसाठीं आणलेली औषधाची बाटली पुढें केली व पंप भरूं का म्हणून विचारलें. ती बाटली आम्हीं परत ठेवविली. कां, तें पुढें सांगतों. आधीं शत्रूची ओळख करून घेऊं.

खवले-कीड ही मावा व पिठ्या ढेकूण यांची नातलग. पळस, बोर व कुसुम यांच्या फांद्यांवर लाख निर्माण करणारा किडा याच मोठ्या कुळांतला. ज्या किड्यानें फड्या निवडुंगाचीं बनें सुकविलीं तोही यांतलाच. त्याची एक जात १९२६ सालीं सिंहलद्वीपांतून आपल्या देशांत आणून निवडुंगावर मुद्दाम सोडण्यांत आली होती. निवडुंगाचें बन आडवें करणाऱ्या कुळापुढें कुंडींतील नेच्याचा काय पाड!

या किडीचें मुख्य लक्षण असें कीं ती किडीसारखी दिसत नाहीं. पाय दिसत नाहींत, पंख नाहींत, हालचाल नाहीं. पानाच्या मागील बाजूस शिरेलगत, देठाच्या बेचक्यांत किंवा खोडावर लहानशी फुगीर टिकली चिकटलेली असते. पाहणारा ती सालीचाच भाग समजतो. म्हणून नुसत्या दृष्टीवर विसंबूं नये. नखानें किंवा टाचणीच्या टोंकानें टिकली खरवडून पाहावी. सालीवरील गांठ निघत नाहीं, निघालीच तर खालीं जखम दिसते. खवला मात्र सुटून येतो व खालची साल बहुधा शाबूत असते.

नेच्याच्या बाबतींत उलट चूक होते. त्याच्या पानामागें तपकिरी ठिपके पाहून पुष्कळ लोक घाबरतात व चांगलीं पानें कापून टाकतात. ते ठिपके नेच्याच्या बीजाणूंचे पुंजके असतात. ते बहुधा पानाच्या दोन्ही अंगांस सारख्या अंतरावर, ओळीनें मांडल्यासारखे दिसतात. कीड अशी शिस्त पाळीत नाहीं; ती वाटेल तशी विखुरलेली असते आणि देठावरही चढते.

घरांत येणाऱ्या खवल्यांचे दोन प्रकार ध्यानांत ठेवले म्हणजे पुरे. पहिला मऊ खवला. याचें कवच म्हणजे त्याची स्वतःचीच पाठ. टाचणीनें उचललें तर सर्व किडा एकसंध उचलला जातो. हा झाडाचा रस इतका पितो कीं त्यांतील साखर त्यास पचत नाहीं, ती चिकट थेंबांच्या रूपानें बाहेर टाकतो. फरशी चिकट होते ती यामुळें. या चिकट्यावर काळी बुरशी वाढते. ती पानांत शिरत नाहीं, परंतु पानावर पडणारा प्रकाश अडविते. तपकिरी चपटा खवला आणि शिरस्त्राणासारखा अर्धगोल खवला हे या प्रकारांतील नेहमींचे पाहुणे. दुसरा कवची खवला. यानें मेणासारख्या द्रव्याचें व कात टाकलेल्या जुन्या कातड्याचें झांकण अंगावर घेतलेलें असतें. टाचणीनें झांकण निराळें निघतें आणि खालीं पिवळसर मऊ जीव उघडा पडतो. कण्हेरीच्या पानांवर फिकट गोल टिकल्या दिसतात त्या याच्या. हा चिकटा टाकीत नाहीं. म्हणून मुंग्याही येत नाहींत, फरशीही स्वच्छ राहते, आणि पानांवर पिवळे डाग पडून तीं गळूं लागेपर्यंत त्याचा पत्ता लागत नाहीं. मऊ खवल्यापेक्षां यास घालविणें अधिक कठीण.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हें कवच किड्याचें घर आहे तसेंच त्याचें छत्रही आहे. वरून फवारलेलें पुष्कळसें औषध त्यावरून ओघळून जातें. त्याच कवचाखालीं मादी अंडीं सांभाळते. अर्धगोल खवल्याच्या एका मादीखालीं तीं शेंकडोंनीं असतात. तपकिरी मऊ खवल्याची मादी तर बहुधा नराशिवायच थेट पिल्लांना जन्म देते. हीं पिल्लें खसखशीच्या दाण्याहूनही लहान, फिकट पिवळीं, सहा पायांचीं असतात. जन्मल्यावर एक-दोन दिवस तीं रांगतात, कोवळी जागा पाहून सोंड खुपसतात आणि बसतात. अंगावर पुरतें कवच नसलेला एवढाच काय तो त्यांच्या आयुष्यांतील उघडा काळ. या काळांत साधें साबणाचें पाणीही त्यांना मारतें. तो काळ गेला म्हणजे महागडें औषधही अपुरें पडतें. पण घरांतील ऊबेंत सर्व वयाचे खवले एकाच वेळीं नांदत असतात, म्हणून पिल्लें एका दिवशीं न निघतां कित्येक आठवडे निघत राहतात. एकदां फवारून स्वस्थ बसणाराचा पराभव यांतच आहे.

पिल्लें केव्हां रांगतात हें कळण्यास कीड लागलेल्या डहाळीभोंवतीं दोन्ही बाजूंनीं चिकट असलेली पट्टी गुंडाळावी व दर चार दिवसांनीं भिंगाखालीं पाहावी. पिवळे कण अडकलेले दिसले म्हणजे फवारणीची वेळ झाली.

उपायास आरंभ हातानें करावा. कुंडी इतर झाडांपासून दूर न्यावी. फार भरलेलीं पानें व डहाळ्या कापून जाळाव्या. उकिरड्यावर टाकूं नयेत. उरलेले खवले दांत घासण्याच्या जुन्या ब्रशानें, साबणाच्या पाण्यांत बुडवून, हलक्या हातानें घासून काढावे. चुकार खवल्यांवर औषधालयांत मिळणाऱ्या स्पिरिटांत भिजविलेला कापसाचा बोळा टेंकवावा. स्पिरिट ज्वालाग्राही आहे. देवघरांतील समईजवळ हें काम करूं नये. एका कुंडीस अर्धा तास लागतो. हा अर्धा तास टाळून केलेली फवारणी पुष्कळशी वायां जाते, असा आमचा अनुभव आहे.

त्यानंतर फवारणी. एक लिटर कोमट पाण्यांत ५ मिलिलिटर कडूनिंबाचें तेल व तें पाण्यांत मिसळण्यापुरता सौम्य पातळ साबण, साधारण १ ते २ मिलिलिटर, घालून खूप घुसळावें. थंडींत हें तेल थिजतें. बाटली आधीं गरम पाण्यांत उभी ठेवावी. मिश्रण त्याच दिवशीं संपवावें. पाण्याकडे मात्र लक्ष द्यावें. ज्या विहिरीच्या पाण्यांत डाळ शिजत नाहीं व साबणास फेंस येत नाहीं, त्या जड पाण्यांत हा साबणही फुकट जातो. पावसाचें साठविलेलें पाणी उत्तम. फवारा पानाच्या मागील बाजूस बसला पाहिजे. फवारणी संध्याकाळीं करावी, झाड सावलींत ठेवावें, आणि प्रथम एक-दोन पानांवर करून दोन दिवस वाट पाहावी. नेच्यासारखीं नाजूक झाडें तेल व साबण दोन्हींनीं करपूं शकतात. दर आठ-दहा दिवसांनीं याप्रमाणें निदान दोन महिने करावें. जुन्या पुस्तकांत घासलेट व साबण यांचें मिश्रण सांगितलेलें आढळतें. तें पानें जाळतें व घरांत आगीचें भय आणतें. त्याचा नाद सोडलेला बरा.

मुंग्यांचा बंदोबस्त याबरोबरच हवा. चिकट्याच्या लोभानें त्या खवल्यांजवळ पहारा देतात व त्यांचे शत्रू हांकून लावतात. दुभत्याच्या कपाटाच्या पायांखालीं आपण पाण्याच्या वाट्या ठेवतों, तीच युक्ति कुंडीस लागू आहे. परातींत दोन विटा ठेवून त्यांवर कुंडी ठेवावी व विटा बुडणार नाहींत इतकें पाणी भरावें. झाडाचें पान भिंतीस टेंकलेलें नसावें, नाहीं तर मुंगीस पूल मिळतो. पाणी दर दोन-तीन दिवसांनीं बदलावें, डांस होतात.

आतां त्या बाटलीविषयीं. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारतांना विषबाधा होऊन अनेक शेतकऱ्यांचे व मजुरांचे प्राण गेले. तें उघड्या रानांत घडलें. तीच विषें चार भिंतींच्या आंत, जेथें मूल जमिनीवर निजतें तेथें उडविणें किती घातक होय याचा विचार करावा. शिवाय कढीलिंबाचीं पानें फोडणींत पडतात, तुळशीचीं तीर्थांत. मुळांतून शोषलें जाणारें इमिडाक्लोप्रिड मऊ खवल्यावर काम करतें हें खरें. पण कवची खवल्यावर त्याचा फारसा प्रभाव पडत नाहीं, आणि ज्या झाडाचें पान किंवा फळ तोंडांत जाणार त्याच्या कुंडींत तें घालूं नयेच.

विषाचा दुसरा दोष बागाइतदारांनीं विशेष लक्षांत घ्यावा, कारण तपकिरी मऊ खवला कुंडीवरून लिंबू-संत्र्याच्या बागेंत सहज जातो. बागेंत ढालकिडे व गांधीलमाशीच्या जातीचे सूक्ष्म परोपजीवी कीटक त्यास आवरून धरतात. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत संत्रा-लिंबांच्या बागा कापसासारख्या पांढऱ्या खवल्यानें उजाड होत होत्या. १८८८–८९ सालीं ऑस्ट्रेलियांतून एक तांबडा ढालकिडा आणून सोडतांच त्या वांचल्या. पुढें १९४६–४७ च्या सुमारास त्याच बागांत डी. डी. टी. फवारली गेली, ढालकिडे मेले, आणि आवरलेली कीड पुन्हा उसळली. आपल्याकडे निलगिरीवर १९२८ सालीं हाच खवला आढळला, तेव्हांही तोच ढालकिडा आणावा लागला. पडवींत हे रक्षक पोंचत नाहींत, पाऊस खवले धुऊन नेत नाहीं; म्हणून बाहेर दबून राहणारी कीड घरांत माजते. याच कारणानें पुष्कळ लोक रोगट कुंडी "मोकळ्या हवेला" म्हणून लिंबाच्या झाडाखालीं नेऊन ठेवतात. तसें करूं नये; ठेवावयाचीच तर बागेपासून दूर ठेवावी.

मेलेले खवले आपोआप गळत नाहींत. महिनोन् महिने तसेच चिकटून राहतात, आणि उपाय लागू पडला नाहीं असें वाटून मनुष्य पुन्हा बाटलीकडे वळतो. अशा वेळीं दहा-बारा खवले नखाखालीं चिरडून पाहावे. ओला रस निघाला तर जिवंत. कोरडा भुसा निघाला तर मेलेला. आमच्या क्रोटनवर सहाव्या फवारणीनंतर सर्व कोरडे निघाले. लिंबाच्या रोपावर एका बेचक्यांत दोन ओले सांपडले, म्हणून त्यास आणखी दोन फवारण्या दिल्या. आतां रोपवाटिकेंतून आलेली प्रत्येक कुंडी आमच्याकडे महिनाभर गोठ्यामागील ओट्यावर एकटी राहते, आणि पानें मागून पाहिल्याखेरीज पडवींत येत नाहीं.