थंडीत ट्रकच्या केबिनमध्ये ऊब कशी टिकवायची? शेगडी ठरू शकते जीवघेणी, घोंगडी पुरेशी

पुणे : रात्री अकराच्या सुमारास सातारा किंवा सोलापूर रस्त्याने आलेला मालट्रक स्वारगेटजवळच्या गुलटेकडी मार्केट यार्डाच्या रांगेत उभा राहतो. माल उतरायला पहाट होणार असते. चालक आणि क्लीनर केबिनमधल्या बर्थवर पातळ चादर ओढून आडवे होतात. तेव्हा थंडी फारशी जाणवत नाही. पहाटे चारला मात्र दात वाजू लागतात आणि नेमक्या त्याच वेळी चुकीचा उपाय केला जातो.

डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा अनेकदा १० अंशांच्या खाली जातो. १७ जानेवारी १९३५ रोजी तर शहरात १.७ अंशांची नोंद झाली होती. तरीही केबिनमध्ये झोपणाऱ्याला खरा धोका असतो तो बहुतेक वेळा थंडीपेक्षा थंडी घालवण्यासाठी पेटवलेल्या गोष्टीचा.

केबिन पहाटे इतकी गार का होते?

आपल्याकडच्या बहुतेक ट्रकमध्ये इंजिन केबिनच्या खाली असते. गाडी थांबली तरी तापलेले इंजिन काही काळ ऊब देत राहते. त्यामुळे झोपताना चादर पुरेशी वाटते. पुढे इंजिन थंड होते, पत्रा आणि काचा निरभ्र आकाशाकडे उष्णता सोडत राहतात आणि सूर्योदयाच्या आधी तापमान सर्वांत खाली जाते. म्हणून जाड पांघरूण रात्रीच हाताशी काढून ठेवावे.

शेगडी का नको?

लाल निखाऱ्यांतून धूर येत नाही, म्हणून ते सुरक्षित वाटतात. पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या तुलनेत २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ ही त्याची लक्षणे. पण झोपलेल्या माणसाला ती कळतच नाहीत. केबिनची जागा लहान असल्याने वायू लवकर साठतो. काच थोडी उघडी ठेवली तरी शेगडी सुरक्षित होत नाही. छोट्या गॅस शेगडीलाही हेच लागू.

सोबतचा माणूस हाक मारूनही उठत नसेल, तर आधी दारे उघडून त्याला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

इंजिन चालू ठेवून हीटर लावला तर?

ट्रकचा नेहमीचा हीटर इंजिनच्या गरम पाण्यावर चालतो, म्हणजे रात्रभर इंजिन चालू हवे. मोठे इंजिन उभ्या गाडीत तासाला साधारण दोन लिटर डिझेल खाते. सहा तासांचे १२ लिटर. लिटरला ९० रुपये धरले तरी खर्च हजारावर जातो. शिवाय सायलेन्सरला गळती असेल किंवा शेजारी दुसरी गाडी चालू असेल, तर धूर केबिनमध्ये शिरू शकतो.

बॅटरीवर काय चालेल?

मोठ्या ट्रकची विद्युत यंत्रणा २४ व्होल्टची असते. ६० वॅटच्या विद्युत ब्लँकेटला अडीच अँपिअर लागतात. सहा तासांत १५ अँपिअर-तास, म्हणजे १२० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा आठवा भाग. चांगल्या बॅटरीला हे झेपते. पण इन्व्हर्टर लावून घरचा १००० वॅटचा हीटर चालवला, तर तीच बॅटरी तीन तासांच्या आत रिकामी होईल आणि सकाळी गाडी सुरू होणार नाही. ब्लँकेट ट्रकच्या व्होल्टेजचेच घ्यावे आणि त्याच्या वायरला फ्यूज असावा.

मग ऊब येणार कुठून?

शरीरातूनच. झोपलेला माणूस ७०-८० वॅटच्या बल्बाइतकी उष्णता देत असतो. ती बाहेर जाऊ द्यायची नाही, एवढेच काम.

• खालून अडवा : अंगाच्या भाराने गादी दबते आणि थंडी खालूनही लागते. बर्थवर आधी पुठ्ठा, त्यावर गोधडी अंथरावी. मार्केट यार्डात फळांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याला तोटा नसतो.

• वरून लोकर : घोंगडीची जाड लोकर हवा धरून ठेवते आणि थोडी दमट झाली तरी ऊब देते.

• काचा झाका : समोरच्या आणि बाजूच्या काचांना जाड पडदा किंवा फोमची शीट लावावी.

• फट ठेवा : वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर खाली असू द्यावी. श्वासातली वाफ बाहेर जाते, अंथरूण ओलावत नाही.

• कपडे बदला : दिवसभराच्या घामाचा शर्ट काढून कोरडे कपडे, मोजे आणि कानटोपी घालावी.

• गरम पाण्याची पिशवी : चहाच्या टपरीवर भरून घेतलेली रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून पायाशी ठेवावी.

• दारू टाळा : तिने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात. गरम वाटते, पण शरीराची उष्णता जास्त वेगाने निघून जाते.

नियम काय सांगतात?

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ३.५ टनांहून अधिक वजनाच्या ट्रकमध्ये वातानुकूलित केबिन सक्तीची आहे. उन्हाळ्यात चालवताना तिचा मोठा फायदा आहे. पण ही यंत्रणाही इंजिनवरच चालते. त्यामुळे गाडी बंद करून झोपलेल्या चालकाचा प्रश्न तिने सुटत नाही.

खरे तर मुक्कामाच्या ठिकाणी कामगारांना विश्रांतीची खोली किंवा पर्यायी सोय मालकाने द्यावी, अशी तरतूद १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यातच होती. मात्र तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता. एक-दोन ट्रक असलेल्या मालकाचा चालक त्याच्या बाहेरच राहिला. त्याची खोली म्हणजे केबिनच. त्यामुळे गाडी भरताना पाना आणि जॅकबरोबर एक घोंगडीही आठवणीने टाकलेली बरी.