बल्बमधला सरदार

कुणाला त्यांचे चावट विनोद आठवतात, कुणाला 'इलस्ट्रेटेड वीकली' साप्ताहिक, तर कुणाला रोजची स्कॉच. लेखक-संपादक खुशवंत सिंग २० मार्च २०१४ रोजी गेले. पण चार वाचनवेडे जमले आणि त्यांचा विषय निघाला, की अजूनही किस्से संपत नाहीत.

वाढदिवस दोन
जन्म हदालीचा, हे गाव आता पाकिस्तानात आहे. जन्माची नोंद कुणी ठेवलीच नव्हती. वडिलांनी शाळेसाठी २ फेब्रुवारी १९१५ ही तारीख ठोकून दिली. आजी म्हणायची, पोर भादव्यातलं. मग यांनी स्वतःच १५ ऑगस्ट ठरवून टाकला!

नावही बदललं
घरच्यांनी ठेवलेलं नाव खुशाल. थोरला भाऊ भगवंत, त्याच्याशी यमक जुळावं म्हणून हे झाले खुशवंत.

मुंबईचे संपादक
१९६९मध्ये 'इलस्ट्रेटेड वीकली'ची सूत्रं हाती आली आणि अंकाचा खप काही लाखांवर गेला. १९७८मध्ये निवृत्तीला जेमतेम आठवडा उरला असताना त्यांना काढून टाकण्यात आलं.

बल्ब गोंयकाराचा
विजेच्या बल्बात बसलेला सरदार, सोबत पुस्तकं आणि बाटली. त्यांच्या सदरावरचं हे चित्र गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांचं. 'वीकली' सुटलं, पण बल्ब काही सुटला नाही.

शिवी हाच पत्ता
कॅनडातून एका संतापलेल्या वाचकाने पाकिटावर एक सणसणीत शिवी, त्यांचं नाव आणि 'इंडिया' एवढंच लिहिलं. पत्र बरोबर पोचलं! हा किस्सा खुशवंत स्वतःच रंगवून सांगत आणि टपाल खात्याचं कौतुक करत.

बेल वाजवाल तर खबरदार
दिल्लीतल्या त्यांच्या घराच्या दारावर पाटी होती: बोलावलं नसेल तर बेल वाजवू नये. बोलावलेल्यांनीही वेळेत उठायचं. यजमान पहाटे चारला लिहायला बसणारे!

तिकिटाएवढं आयुष्य
तुझं चरित्र रेव्हेन्यू स्टॅम्पच्या पाठीवर मावेल, असं त्यांनी कवयित्री अमृता प्रीतम यांना चिडवलं. अमृताबाईंनी आत्मचरित्राचं नाव ठेवलं 'रसीदी टिकट', म्हणजेच रेव्हेन्यू स्टॅम्प. फिट्टंफाट!

पद्म परत
आणीबाणीला त्यांनी पाठिंबा दिला. अनेक वाचकांनी ते कधीच माफ केलं नाही. पण १९८४मध्ये सुवर्णमंदिरात लष्कर घुसलं, तेव्हा याच माणसाने पद्मभूषण परत केलं. २००७मध्ये पद्मविभूषण मिळालं.

देव नाही, इतिहास आहे
स्वतः देव न मानणारे, पण शिखांचा दोन खंडांतला इतिहास त्यांनीच लिहिला. सरदारजींवरचे विनोदही त्यांचेच.

मरणाची रंगीत तालीम
आपण मेल्यावर पेपरवाले किती ओळी देतील, यावर त्यांनी तरुणपणीच कथा लिहून ठेवली होती. पुढे स्वतःचा समाधीलेखही लिहिला आणि त्यातही स्वतःला सोडलं नाही.

शेवटी गावीच
अस्थींचा काही भाग हदालीला नेला आणि ते शिकले त्या शाळेत ठेवला. फाळणीने तोडलेला माणूस असा घरी पोचला.

त्या फाळणीवरचीच त्यांची 'ट्रेन टू पाकिस्तान' १९५६मध्ये प्रसिद्ध झाली. विनोदांची पुस्तकं प्रवासात चाळा हवी तर. पण खुशवंत सिंगांचं एकच पुस्तक वाचायचं असेल, तर ही कादंबरी वाचा. एरवी खिल्ली उडवणारी ती लेखणी इथे कुणाचीही बाजू घेत नाही आणि कुणाला पाठीशीही घालत नाही.