लांबचा विमानप्रवास : किलोमीटर नव्हे, तास मोजा

भिवंडीतून आखातात नोकरीला जाणारे पुष्कळ आहेत. हल्ली मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेला निघालेले साठी-सत्तरीचे आईवडीलही माझ्याकडे तपासणीसाठी येतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, एवढा लांबचा प्रवास झेपेल ना?" मी उलट विचारतो, "बसायचे किती तास आहे?"

मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे १,९०० किलोमीटर. प्रवास तीन-सव्वातीन तासांचा. लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर, नऊ-दहा तास. न्यूयॉर्क सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमान मिळाले तरी पंधरा-सोळा तास. उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून परतीला वेळ थोडा कमी लागतो. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून लंडनला गेले ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत. आता मध्ये उतरावे लागत नाही. पण त्यामुळे पायही मोकळे होत नाहीत.

खरा धोका इथेच आहे. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर हृदयाकडे ढकलतात. चार तासांहून अधिक एका जागी बसले की रक्त पायात साचते आणि क्वचित त्याची गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार असे प्रमाण सुमारे ६,००० प्रवाशांत एक आहे. म्हणजे घाबरण्याचे कारण नाही, पण गाफीलही राहू नये. एस.टी. किंवा मोटारीच्या लांब प्रवासालाही हेच लागू आहे.

दुसरी गोष्ट हवेची. विमानातील हवेचा दाब १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही विरळ हवेत बसल्यासारखे. हृदयविकार, दमा किंवा रक्तक्षय असलेल्यांनी तिकीट काढण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे.

तिसरी गोष्ट घड्याळाची. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ व हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. जाताना दिवस लांबतो, येताना आखडतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्या दिवसाचे वेळापत्रक डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. मनाने डोस बदलू नये.

एवढे अवश्य करा :

१. दर एक-दोन तासांनी उठून फेरी मारा. बसल्या जागी टाचा व चवडे वर-खाली करा.

२. पाणी थोडे थोडे पीत राहा. लघवीला उठावे लागेल म्हणून तहान मारू नका. मद्य व झोपेच्या गोळ्या टाळा.

३. औषधे, चिठ्ठी व इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवा. सामानात टाकलेले इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते.

४. पूर्वी गुठळी झालेल्यांनी, नुकतेच ऑपरेशन किंवा बाळंतपण झालेल्यांनी, कॅन्सरच्या रुग्णांनी व गर्भवतींनी सल्ल्याशिवाय निघू नये.

विमानातून उतरलो म्हणजे सुटलो, असे मात्र समजू नका. पुढील काही आठवड्यांत एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पोटरी चोळू नका. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले तर घरी थांबू नका, थेट हॉस्पिटल गाठा. आणि विमानप्रवास केल्याचे तेथील डॉक्टरांना आपणहून सांगा. निदान लवकर होते.