तान्ह्या बाळाचे पहिले कवच

घरात मूल जन्मास यावयाचे असले म्हणजे किती तयारी चालते! दुपटी शिवली जातात, कुंच्या विणल्या जातात, माळ्यावरचा पाळणा खाली उतरतो. परंतु ह्या सर्वांहून महत्त्वाची एक तयारी गर्भवतीच्या दंडावर क्षणार्धात होऊन जाते, आणि नेमकी तिचीच आपल्या कित्येक घरांत टाळाटाळ होते. गरोदरपणी घ्यावयाच्या ह्या टोचणीविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथम ज्या शत्रूविरुद्ध ही टोचणी आहे त्याची ओळख करून घेऊ. तो म्हणजे धनुर्वात. मूल दोन दिवस उत्तम अंगावर पिते. मग एकाएकी त्याचा जबडा आवळतो, दूध ओढता येत नाही, आणि स्पर्शाने वा आवाजानेही आचके येऊन इवलेसे शरीर धनुष्यासारखे ताठ वाकते. ह्या रोगाच्या जंतूंची बीजे मातीत आणि शेणात वर्षानुवर्षे सुप्त पडून राहतात. विळ्याने वा गंजक्या पात्याने नाळ कापली, किंवा बेंबीवर शेण, राख, माती लावली की ती आत शिरतात. हवा न पोहोचणाऱ्या जखमेत जंतू वाढतात आणि त्यांचे विष मज्जातंतूंत पसरते. लक्षणे बहुधा जन्मानंतर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या आत दिसतात. पाचवी-सटवीच्या रात्रीची जी धास्ती गावोगाव असे, तिच्या मुळाशी असे किती तरी मृत्यू असावेत.

आता पाहा, मुलाची स्वतःची धनुर्वाताची लस सहाव्या आठवड्यापासून सुरू होते, आणि रोग तर पहिल्याच आठवड्यात दार ठोठावतो. मग मधल्या काळात त्याचे रक्षण कोणी करावे? ते सामर्थ्य एकट्या आईजवळ आहे. १८९० साली बेरिंग व कितासातो ह्या शास्त्रज्ञांनी असे दाखविले, की धनुर्वाताच्या विषाशी परिचय झालेल्या प्राण्याच्या रक्तात त्या विषावर उतारा निर्माण होतो. पुढे त्या विषाचा मारकपणा काढून घेऊन लस तयार करण्यात आली. ती आईला टोचली म्हणजे तिच्या रक्तात प्रतिकारद्रव्ये तयार होतात आणि वारेतून, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, बाळाच्या रक्तात उतरतात. आईला टोचल्याने बाळ वाचते हे १९६१ साली न्यू गिनीतील खेड्यांतून प्रसिद्ध झालेल्या पाहणीने दाखवून दिले.

आपल्या देशात गर्भवतीस जी लस सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळते ती आता धनुर्वात आणि घटसर्प ह्या दोहोंवर आहे. पहिली टोचणी दिवस गेल्याचे कळताच लवकरात लवकर, व दुसरी चार आठवड्यांनी घ्यावयाची. मागील खेपेस दोन्ही घेतल्या असून तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस राहिले, तर एकच पुरते.

डांग्या खोकला हाही दोन-तीन महिन्यांच्या बाळाचा वैरीच होय. इंग्लंड-वेल्समध्ये २०१२ साली त्याची साथ येऊन १४ तान्ही मुले दगावली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून तेथे गर्भवतींना त्याची लस देण्यास प्रारंभ झाला. ही लस व फ्लूची लस आपणांस घ्यावी काय, हे प्रत्येकीने डॉक्टरांस अवश्य विचारावे. उलट, गोवर-रुबेलासारखी जिवंत जंतूंची लस गरोदरपणी देत नाहीत. गर्भारपणी रुबेला झाल्यास बाळ मोतीबिंदू घेऊन जन्मू शकते, हे सिडनीच्या नॉर्मन ग्रेग ह्या नेत्रवैद्याने १९४१ साली दाखविले. म्हणून ती लस मुलींना बालपणीच मिळावयास हवी.

“टोचल्याने पोटातल्या जीवाला अपाय होईल,” असे कोणी म्हणते. धनुर्वाताच्या लशीत जिवंत जंतू नसतोच. दंड एक-दोन दिवस दुखतो, थोडा सुजतो, इतकेच. “आम्ही कुठे टोचून घेतले होते? आमची मुले वाढलीच ना!” असे आजीबाई म्हणतात. त्यांचा मान राखून एवढेच सांगावेसे वाटते, की जी वाढली ती आज अंगणात दिसतात; जी गेली ती साक्ष द्यावयास येत नाहीत.

टोचणी झाली म्हणून स्वच्छतेची जबाबदारी संपत नाही. बाळंतपण दवाखान्यात व्हावे. नाळ निर्जंतुक पात्याने कापावी आणि डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज तिला काहीही न लावता ती कोरडी ठेवावी. पहिले पिवळसर दूध, म्हणजे चीक, टाकून न देता बाळास पाजावा. तोही एक संरक्षकच आहे. जन्मतःच क्षयाची लस, पोलिओचे थेंब आणि चोवीस तासांच्या आत काविळीची लस. पुढे सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांच्या लशी. आणि नऊ महिने पूर्ण होताच गोवर-रुबेला, हा क्रम चुकू देऊ नये.

१९८८ साली जगात सुमारे ७ लाख ८७ हजार नवजात बालके धनुर्वाताने मेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०१५ साली भारतात माता व नवजात शिशूंच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य करण्यात आले. तथापि ‘निर्मूलन’ ह्या शब्दाने फसू नये. त्याचा अर्थ इतकाच, की प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी बालकांस तो होतो. देवीचा रोग माणसाकडून माणसाला लागे, म्हणून साखळी तोडताच तो पृथ्वीवरून नाहीसा झाला. धनुर्वाताचे ठाणे मात्र मातीत आहे. आपल्या शेतातून, गोठ्यातून ते उठणार नाही. म्हणून प्रत्येक गर्भवतीने, प्रत्येक खेपेस, हे कवच नव्याने धारण केले पाहिजे.

घरातील पुरुषांनो, ही केवळ बायकांची बाब समजू नका. आरोग्य केंद्राच्या कार्डावरील तारीख तुम्हीही वाचून ठेवा. त्या दिवशी मळ्याचे काम अर्धा दिवस राहिले तरी चालेल. आणि सासूबाईंनो, सुनेला सोबत करा. पाळणा तर बांधालच. परंतु त्यात निजणारे बाळ सुरक्षित असावे, याची तजवीज आधी करा.