जनुकोपचार, स्निग्धकण आणि सिकलसेलचे रुग्ण

सुरत जिल्हा, त्यातून २००७ साली वेगळा झालेला तापी जिल्हा, डांग आणि सीमेपलीकडील नंदुरबार या पट्ट्यातील गामीत, चौधरी, वसावा, कोकणा आदी समाजांत सिकलसेल हा रक्तविकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. जनुकोपचाराने हा विकार समूळ बरा होतो, अशी वार्ता कानी आल्यावर रुग्णाच्या आईवडिलांनी आपल्या पाळकाला वा उपदेशकाला त्याविषयी विचारावे, हे स्वाभाविकच होय. त्यांना काय सांगावे, याचा विचार आम्ही येथे करीत आहो.

हिमोग्लोबिन घडविणाऱ्या जनुकातील एकाच अक्षराच्या बदलामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि त्यातून असह्य वेदना व पंडुरोग उद्भवतात. दोष जनुकात आहे. तेव्हा दुरुस्तीची सूचना पेशीच्या आतच पोहोचली पाहिजे. परंतु अशी सूचना वाहणारा आर.एन.ए. रेणू उघडा सोडल्यास रक्तातच नष्ट होतो, आणि पेशीचे आवरणही त्यास आत येऊ देत नाही. म्हणून त्यास वाहकाची गरज असते.

आरंभी निरुपद्रवी केलेले विषाणू वाहक म्हणून वापरण्यात आले. ते आजही उपयोगात आहेत. तथापि शरीर त्यांना शत्रू मानून तीव्र प्रतिकार करू शकते. १९९९ साली फिलाडेल्फिया येथील एका प्रयोगात अठरा वर्षांच्या तरुणाचा अशाच प्रतिक्रियेने मृत्यू झाला. दुसरा वाहक म्हणजे स्निग्ध पदार्थांचा अतिसूक्ष्म कण. त्याचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका असतो. त्यात चार प्रकारचे स्निग्ध घटक असून कोलेस्टेरॉल हा त्यांपैकी एक. मुख्य घटकाचा गुण असा की, रक्तात तो विद्युत्‌दृष्ट्या उदासीन राहतो, पण पेशीने कण गिळल्यावर आतील आम्लतेने धनभारित होतो. मग तो पेशीतील पिशवीचे आवरण भेदून आर.एन.ए. मोकळा करतो. बहुतेक कण मात्र त्या पिशवीतच नष्ट होतात. थोडेच कार्यसिद्धीस जातात.

अशा कणांतून दिलेल्या पहिल्या औषधास अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. २०२० अखेरीस कोविडच्या काही लसी याच वाहकातून आल्या. फिलाडेल्फिया येथेच २०२५ मध्ये एका तान्ह्या बालकाच्या यकृतातील जनुकदोषावर असे कण टोचून उपचार करण्यात आला.

यकृत हाच शब्द येथे महत्त्वाचा आहे. रक्तातील एक प्रथिन या कणांना चिकटते आणि त्यांना यकृताकडे नेते. सिकलसेलचा दोष मात्र अस्थिमज्जेतील मूलपेशींत दुरुस्त करावा लागतो. त्या पेशी ओळखणारे प्रतिपिंड कणांवर बसवून उंदरांत ही वाट २०२३ मध्ये दाखविण्यात आली. पण उंदरांतील यश म्हणजे रुग्णास मिळणारे औषध नव्हे.

त्याच वर्षी ब्रिटन व अमेरिकेत मान्य झालेला सिकलसेलचा जनुकोपचार निराळा आहे. त्यात मूलपेशी शरीराबाहेर काढून विजेच्या स्पंदांनी त्यांचे आवरण सैल करतात व दुरुस्तीची सामग्री आत सोडतात. त्या परत देण्यापूर्वी तीव्र औषधांनी रुग्णाची जुनी मज्जा रिकामी करावी लागते. अमेरिकेत या उपचाराची किंमत बावीस लक्ष डॉलर ठरली. स्निग्धकण मज्जेपर्यंत पोहोचू लागले तर हा खर्च व यातना पुष्कळ कमी होण्याचा संभव आहे, म्हणूनच संशोधकांची त्यांवर दृष्टी आहे.

तात्पर्य, आशा खरी आहे, पण ती अद्याप दारी आलेली नाही. तिच्या भरवशावर कोणी चालू औषध सोडू नये, वा खात्रीच्या इलाजाचे आमिष दाखविणाऱ्यास शेत गहाण टाकून पैसे देऊ नयेत. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घेतल्यास वेदनांचे झटके कमी होतात. भरपूर पाणी आणि ताप येताच रुग्णालय, हे नियमही तितकेच मोलाचे. २०२३ मध्ये आरंभिलेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत रक्ततपासणीची सोय आहे.

विवाहाची जाहिरात मंडळीत वाचण्यापूर्वीच, खासगीत, वधूवरांना या तपासणीचा सल्ला द्यावा. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण होण्याचा संभव चारांत एक असतो. वाहक हा मात्र रुग्ण नव्हे. त्याच्यावर कलंक येऊ न देणे, हे पाळकाचे व उपदेशकाचे काम आहे, आणि त्यासाठी कोणत्याही नव्या औषधाची वाट पाहावी लागत नाही.