आधीच्या बॉसचा नंबर टाकू की नको?

नोकरीचा किंवा इंटर्नशिपचा फॉर्म भरताना अगदी शेवटी दोन रिकाम्या चौकटी येतात. रेफरन्स एक आणि रेफरन्स दोन. नाव, हुद्दा, कंपनी, फोन नंबर, ईमेल. तोपर्यंत दहावीच्या मार्कांपासून छंदांपर्यंत सगळं धडाधड भरून झालेलं असतं आणि इथे येऊन हात थांबतो. माझा तर चार दिवस थांबला होता.

सेकंड इयरला असताना मी पुण्यात एका छोट्या डिजिटल मार्केटिंग एजन्सीत पार्टटाइम काम करायचे. दुपारी चार ते आठ, महिना सात हजार. एक मिठाईचं दुकान, एक डेंटिस्ट आणि दोन जिम यांच्या सोशल मीडिया पोस्ट लिहायच्या. काम आवडायचं. पण सहाव्या महिन्यात परीक्षा आली, सबमिशनं साचली, त्यात एकदा मॅडम सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडल्या. दिवाळीच्या तोंडावर एका रविवारी रात्री मी व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ टाकली, 'घरगुती अडचणीमुळे उद्यापासून येऊ शकणार नाही', आणि सोमवारपासून त्यांचे फोन उचलणं बंद केलं. घरी कसलीही अडचण नव्हती. त्या महिन्याचे पैसे मागायलाही मग तोंड राहिलं नाही.

ओळखीचं वाटतंय ना? आमच्या वर्गात विचारलं तर कॉल सेंटर, कॅफे, क्लासेस, इव्हेंट कंपनी असं कुठून ना कुठून न सांगता निघून आलेले निम्मेअधिक निघाले. तेव्हा वाटतं, जाऊ दे, ही काय खरी नोकरी होती का? पण 'अनुभव' या रकान्यात दाखवायला आपल्याकडे तेवढंच असतं. म्हणजे सहा महिने काम केलं हे सांगायचंय, पण ज्यांच्याकडे केलं त्यांना कुणी फोन करू नये असंही वाटतंय. दोन्ही कसं जमणार?

माझ्या रूममेटकडे उपाय तयार होता. 'माझा नंबर टाक. मी मॅनेजर म्हणून बोलते. आवाज जाड करते हवा तर.' आम्ही खूप हसलो. पण खरं सांगते, मी तिचा नंबर टाइपही केला होता. 'सबमिट' दाबायच्या आधी सहज आतेबहिणीला फोन केला. ती हिंजवडीत एका आयटी कंपनीत एचआरमध्ये आहे. आधी तीही हसली आणि मग म्हणाली, 'अगं, हे आम्ही आठवड्याला बघतो.'

तिने सांगितलं ते तुम्हालाही कामाला येईल. रेफरन्स म्हणून दिलेला नंबर फिरवण्याआधी माणूस शोधला जातो. लिंक्डइनवर आहे का, त्याच कंपनीत त्या काळात होता का, ईमेल कंपनीचा आहे की साधा जीमेल. शंका आली तर दिलेला मोबाइल बाजूला ठेवून कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन जातो. आणि समजा तुमची मैत्रीण आवाज जाड करून बोललीच, तर प्रश्न पाठ केलेले नसतात. 'त्यांना सगळ्यात अवघड क्लायंट कोणता गेला?', 'चूक दाखवल्यावर कशा वागायच्या?' असं काहीतरी विचारतात. खरा बॉस क्षणभर थांबतो आणि एखादा प्रसंग सांगतो. खोटा बॉस म्हणतो, 'नाही नाही, खूप हुशार आहे ती.' एवढं कळायला बहिणीला अर्धा मिनिट लागतं म्हणे. आणि हे नोकरी लागल्यावर उघड झालं तरी सुटका नाही. 'दिलेली माहिती खोटी निघाल्यास नियुक्ती रद्द' अशी ओळ नेमणूक पत्रात बहुतेक वेळा असतेच. आपण ती न वाचता सही करतो, इतकंच.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा, कारण माझाही तो होता. रेफरन्स आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हेरिफिकेशन म्हणजे कागद तपासणं. कधी लागलात, कधी सोडलंत, हुद्दा काय होता, डिग्री खरी आहे का. मोठ्या कंपन्या हे काम बाहेरच्या एजन्सीला देतात. रेफरन्स म्हणजे तुमच्याबरोबर काम केलेल्या माणसाशी बोलणं. त्यात बहुतेक वेळा शेवटचा प्रश्न एकच असतो: 'संधी मिळाली तर यांना परत घ्याल का?' बहीण म्हणते, त्याचं उत्तर यायला किती वेळ लागतो ते मी मोजते.

मग ती नोकरी सीव्हीतून गाळूनच टाकली तर? चार-सहा महिन्यांचं पार्टटाइम काम लिहिलंच पाहिजे असं नाही. फॉर्ममध्ये 'आधीच्या सर्व नोकऱ्या लिहा' असं म्हटलं नसेल, तर काय दाखवायचं हे तुम्ही ठरवू शकता. पण तसं म्हटलं असेल तर गाळणं म्हणजे खोटं लिहिणंच. शिवाय पीएफ कापला जात असेल, तर ती नोकरी तुमच्या बारा अंकी यूएएनवर नोंदलेली असते. पीएफचा कायदा साधारणपणे २० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लागू होतो. त्यामुळे माझ्या एजन्सीत, जिथे आम्ही सहा जण आणि एक पंखा होतो, तसली काही नोंद नव्हती. पण कॉल सेंटरला किंवा मॉलमधल्या मोठ्या ब्रँडच्या दुकानात दोन महिने केले असतील, तर ईपीएफओच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी एकदा उघडून बघाच. अनेकदा तिथे नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नसते. म्हणजे कागदोपत्री तुम्ही अजून तिथेच आहात! कंपनी ती तारीख भरत नसेल, तर शेवटचा पीएफ जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः पोर्टलवर भरू शकता.

आता दुसरी बाजू. प्रत्येक वेळी चूक माझ्यासारखी आपलीच असते असं नाही. माझा एक मित्र नाशिकला एका शोरूममध्ये सेल्सला होता. रीतसर राजीनामा दिला, नोटीसचा महिनाही भरला. तरी मालकाने अनुभवाचं पत्र अडवून ठेवलं, कारण सीझनमध्ये माणूस गेला याचा राग. पगारही लटकला. २०१९ च्या वेतन संहितेत लिहिलं आहे की राजीनामा दिल्यानंतर कामाच्या दोन दिवसांत वेतन चुकतं करावं. पण मालकाशी वाद घालायला मित्र एकटा आणि वय एकवीस. अशा वेळी रेफरन्स कुणाचा द्यायचा?

रेफरन्स मालकाचाच हवा असा नियम कुठेही नाही. तुमचं काम ज्याने जवळून पाहिलंय तो माणूस हवा. मित्राने त्याच शोरूमच्या फ्लोअर मॅनेजरचं नाव दिलं. ते स्वतः तिथून सोडून गेले होते आणि आता दुसरीकडे आहेत. 'तेव्हा तिथे मॅनेजर होते, सध्या अमुक ठिकाणी' असं सरळ लिहिलं. पत्र नव्हतं म्हणून नेमणुकीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट आणि राजीनाम्याचा ईमेल जोडला. आता कळलं ना, राजीनामा व्हॉट्सअ‍ॅपवर न देता ईमेलवर का द्यायचा? मुलाखतीत त्याने विषय स्वतःच काढला आणि एका वाक्यात संपवला: 'तिथून पत्र मिळालेलं नाही, मालकांना मी सोडलेलं आवडलं नव्हतं, मॅनेजर माझ्याबद्दल सांगतील.' मालकाला शिव्या नाहीत की रडगाणं नाही. पत्र अजूनही मिळालेलं नाही. नोकरी मिळाली.

आणि फ्रेशर असाल, कुठेच काम केलं नसेल, तर प्रोजेक्ट गाइड, एनएसएसचे अधिकारी, फेस्टिव्हलला ज्यांच्या हाताखाली राबलात ते सर चालतात. काका-मामा चालत नाहीत, आडनाव वेगळं असलं तरी. आधीच नोकरीत असाल आणि तिथे कळू द्यायचं नसेल, तर 'सध्याच्या ठिकाणी कृपया ऑफर दिल्यानंतरच विचारा' असं लिहायला लाजू नका. ही नेहमीची विनंती आहे, एचआरवाले ती समजून घेतात. आणि कृपा करून सीव्हीवरच रेफरन्सचे नंबर छापू नका. तो सीव्ही पन्नास ठिकाणी फिरतो, आणि त्या बिचाऱ्या सरांना मग क्रेडिट कार्डवाल्यांचे फोन सुरू होतात. मागितल्यावर द्या.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि आपण हेच विसरतो: ज्याचं नाव देताय त्याला आधी विचारा. दोन वर्षांनी अचानक फोन आला, 'अमुक मुलगी तुमच्याकडे होती का?', तर भला माणूसही 'कोण?' म्हणणारच. आणि पलीकडे ऐकणाऱ्याला तेवढंच पुरतं. मेसेज लांबलचक नको. मी कुठल्या महिन्यांत तुमच्याकडे होते, काय काम केलं, आता कुठे अर्ज करतेय आणि फोन साधारण कधी येईल, एवढं पुरे. शेवटी एक ओळ जरूर टाका: 'तुम्हाला अवघड वाटत असेल तर मोकळेपणाने सांगा.' त्यावर उत्तर 'हो, नक्की' आलं तर छान. 'बघू' आलं, तर मराठीत 'बघू' म्हणजे काय हे आपल्याला लग्नाच्या बैठकीपासून माहीत आहे. दुसरं नाव शोधा.

पुण्यात जर्मन शिकणाऱ्यांसाठी थोडं विषयांतर. जर्मनीत नोकरी सोडणाऱ्याला लेखी दाखला मागायचा कायदेशीर हक्क आहे. त्याला आर्बाइट्सत्सॉयग्निस म्हणतात. त्यातली भाषा कर्मचाऱ्याच्या वाटेत काटे पेरणारी नसावी असाही दंडक आहे. त्यामुळे तिथल्या कंपन्यांनी एक गुप्त भाषाच तयार केली आहे. 'नेहमीच आमच्या पूर्ण समाधानाने काम केले' अशा अर्थाची ठरावीक शब्दरचना आली की पैकीच्या पैकी. त्यातला 'नेहमीच' गेला की मार्क घसरले. आणि 'प्रयत्न केला' असं लिहिलं तर समजायचं की काही जमलं नाही! माझ्या जर्मनच्या क्लासमधल्या एकीने हे ऐकून आपल्या जुन्या इंटर्नशिपचा दाखला घाबरत घाबरत पुन्हा वाचला. आपल्याकडच्या 'शी इज सिन्सिअर अँड हार्डवर्किंग' या एकाच ओळीच्या हजार प्रती बघता मला तर तिकडचीच पद्धत बरी वाटते.

तर, माझ्या त्या चार दिवसांकडे परत येते. रूममेटचा नंबर खोडला. पाचव्या दिवशी मॅडमना फोन केला. नाव सांगितल्यावर पलीकडे इतकी शांतता की फोन कट झाला असं वाटलं. मग म्हणाल्या, 'अगं, मिठाईच्या दुकानाच्या अकाउंटचा ओटीपी तुझ्या मोबाइलवर यायचा. लक्षात आहे?'

नव्हतं. खरंच नव्हतं. मी फोन बंद करून बसले होते तेव्हा दिवाळीच्या फराळाच्या बॉक्सच्या सगळ्या पोस्ट अडकल्या होत्या. अकाउंट उघडायला पाच दिवस लागले. दुकानदाराने त्यानंतर काम दुसऱ्या एजन्सीला दिलं. सहा माणसांच्या ऑफिसात एक क्लायंट जाणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलंही नसतं. त्यांनी मला त्या आठवड्यात बावीस फोन केले होते. मी ते मोजले होते, आणि मैत्रिणींना स्क्रीनशॉट दाखवून हसले होते.

मी सॉरी म्हटलं. अडचण खोटी होती हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, 'रेफरन्स देईन. पण विचारलं तर दोन्ही सांगेन. लिहायची चांगली, आणि न सांगता गेली.' मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग मुलाखतीत रेफरन्सचा विषय निघायच्या आतच मी सगळं सांगून टाकलं, ओटीपीसकट. समोरच्या संपादकांनी चष्मा वर केला आणि विचारलं, 'आता पासवर्ड कुठे ठेवता?' पुढे त्यांनी मॅडमना फोन केला की नाही, मी विचारलेलं नाही. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात मी मॅडमना मेसेज केला, 'मिळालं.' रात्री उशिरा उत्तर आलं, 'छान. तिथून जाताना सांगून जा.'